राख आणि प्लास्टिकच्या धंद्यात उतरताय? आधी स्पर्धा कोणाशी ते ठरवा



सध्या मला सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारा व्हिडिओ कुठला असेल, तर प्लास्टिक आणि वाळूपासून पेव्हर ब्लॉक करण्याचा. नैरोबीच्या न्झाम्बी मॅटी या तरुण इंजिनिअर बाईंनी गेंगे मेकर्स नावाचा उद्योग उभा केला. टाकाऊ प्लास्टिक वितळवून त्यात वाळू मिसळायची आणि दाबून ब्लॉक काढायचे. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने त्यांना पुरस्कार दिला. काम खरंच कौतुकाचं आहे. पण व्हिडिओ पाठवणाऱ्याचा पुढचा मेसेज ठरलेला असतो: "सर, वाळूच्या जागी राख टाकली तर? आपल्याकडे राख फुकट आहे, प्लास्टिक फुकट आहे. मशीनचं कोटेशन आलंय, घेऊ का?"

माझं मत सरळ सांगतो. राख, दगडाची भुकटी, फाउंड्रीची वाळू असा कारखान्यांचा खनिज कचरा आणि टाकाऊ प्लास्टिक यांच्या मिश्रणातून चांगला धंदा होऊ शकतो. पण तो माल सिमेंटच्या गिऱ्हाइकाला विकायला गेलात तर टिकणं अवघड आहे. लाकूड, बीड आणि नव्या प्लास्टिकच्या गिऱ्हाइकाकडे गेलात तर जागा आहे. बहुतेक जण पहिल्या रस्त्याने जातात, कारण व्हिडिओ पेव्हर ब्लॉकचा असतो.

मी हे का म्हणतो, ते आकड्यांवरून बघू. खालचे रेट मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे टाका आणि स्वतः गुणाकार करा.

पेव्हरचा हिशोब

एक स्क्वेअर फूट जागा, ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक. त्यात साधारण साडेपाच लिटर माल बसतो. सिमेंटचा ब्लॉक असेल तर वजन १३ किलोच्या पुढे जातं. त्यात खडी आणि कच सोडली तर चिकटवण्याचं काम करणारं सिमेंट सव्वादोन किलोच्या आसपास. ३५० रुपयांची ५० किलोची गोणी धरली, तर ७ रुपये किलो. म्हणजे स्क्वेअर फुटाला जवळपास १६ रुपयांचं सिमेंट.

आता आपला ब्लॉक. ७० टक्के वाळू, ३० टक्के प्लास्टिक. वजन साधारण साडेनऊ किलो, त्यात प्लास्टिक २.८ किलो. इथे चिकटवण्याचं काम प्लास्टिक करतंय. निवडलेलं, धुतलेलं, कापलेलं, सुकवलेलं प्लास्टिक ३५ रुपये किलो धरलं, तर २.८ किलोचे जवळपास ९८ रुपये होतात.

एकीकडे १६ रुपये, दुसरीकडे ९८. दोन्हीकडचा हा फक्त 'गोंदाचा' खर्च आहे. वीज, मजुरी, साचे, प्रेस, मालवाहतूक यातलं काहीच अजून धरलेलं नाही. साधा ६० मिलिमीटरचा सिमेंट पेव्हर बाजारात ४५ रुपये स्क्वेअर फुटाने मिळत असेल, तर तुमचा माल कोण घेणार? मी हार्डवेअर आणि बांधकाम साहित्याचं दुकान चालवतो. काउंटरवर "पर्यावरणासाठी दुप्पट पैसे देतो" म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. भेटलं तर मी त्याला चहा पाजीन, पण त्याच्या भरवशावर कर्ज काढणार नाही.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "सर, आमचा ब्लॉक चिवट आहे, पातळ केला तरी चालतो." ठीक आहे, ४० मिलिमीटर करा. तरी प्लास्टिक १.९ किलो लागतं, म्हणजे ६६ रुपये. दुसरं, "आम्हाला प्लास्टिक फुकट मिळतं." फुकट मिळतं ते ढिगात. त्यात माती असते, पाणी असतं, खरकटं असतं, न चालणाऱ्या जातीचं प्लास्टिक असतं. १०० किलो आणलं की हातात ७० ते ७५ किलो कामाचं उरलं तरी नशीब. निवडणं, धुणं, सुकवणं आणि घट मिळून किलोला १२ रुपये धरले, तरी २.८ किलोला ३४ रुपये होतात. म्हणजे फुकटचं प्लास्टिकसुद्धा सिमेंटपेक्षा दुपटीने महाग पडतं.

पावडर टाकली की स्वस्त होतं, हेही अर्धसत्य

काही हुशार मुलं दुसऱ्या बाजूने येतात. "सर, आपण पेव्हर नाही करणार. प्लास्टिकच्या वस्तूच करू, पण त्यात राख मिसळून खर्च कमी करू." दिशा बरोबर आहे. फक्त हिशोब किलोवर करू नका, नगावर करा.

समजा रिप्रोसेस दाणा ६० रुपये किलो आहे आणि चाळलेली, कोरडी राख पोहोच ८ रुपये किलो. ३० टक्के राख मिसळली की मिश्रण साधारण साडेचव्वेचाळीस रुपये किलो पडतं. कागदावर २६ टक्के बचत! पण प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं आणि राख पाण्याच्या दुपटीहून जड. साचा तेवढाच असतो, त्यामुळे तो भरायला आता जास्त किलो माल लागतो. जिथे एक किलो शुद्ध दाणा लागायचा, तिथे हे मिश्रण १.२ किलो लागेल. म्हणजे नग ५३ ते ५४ रुपयांना पडला. बचत २६ टक्के नाही, ११ टक्के. आणि राख मिसळून पुन्हा दाणा करायचा खर्च किलोला ५ रुपये आला, तर १.२ किलोला ६ रुपये गेले. बचत जवळपास संपली.

म्हणून "राख फुकट" या एका वाक्यावर धंदा उभा राहत नाही. राख किंवा दगडाची पावडर मालाला काहीतरी गुण देत असेल, तरच ती टाकण्यात अर्थ आहे. पावडर टाकल्यावर प्लास्टिक ताठ होतं, उन्हात कमी लिबलिबतं आणि जड होतं. ज्या वस्तूत हे गुण लागतात ती वस्तू शोधा. त्याच वेळी प्लास्टिक ठिसूळ होतं, आपटल्यावर फुटतं, हेही विसरू नका. बादली, टब असल्या आपटल्या जाणाऱ्या वस्तूंत जास्त पावडर टाकली की दुकानदाराकडे माल परत येतो. मी दुकानदार आहे, मला माहीत आहे.

मग धंदा कुठे आहे?

मी मुलांना तीन चाळण्या सांगतो. वस्तू तिन्हीतून गेली तरच पुढे बोलायचं.

पहिली चाळण: ज्याच्याशी स्पर्धा आहे तो माल महाग हवा. बीड, लोखंडी अँगल, चांगलं लाकूड, नवं प्लास्टिक.

दुसरी: वस्तू मोडली तर कोणाचा जीव जाता कामा नये. घराचा भार, रस्त्यावरची गाडी, डोक्यावरचं छप्पर यांपासून सुरुवातीला लांब राहा. प्लास्टिकवर कायम भार राहिला की ते हळूहळू वाकत जातं. आज चाचणीत पास झालेली पट्टी दोन वर्षांनी झोळीसारखी लोंबू शकते. शिवाय ते जळतं. घराच्या भिंतीसाठी असल्या विटा विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

तिसरी: जड असणं किंवा कुजत नसणं हा तिथे फायदा हवा.

आता उदाहरणं बघा. चेंबरची झाकणं. बिडाचं झाकण चोरीला जातं, कारण भंगारात त्याचे पैसे येतात. कॉम्पोझिटच्या झाकणाला भंगारवाला विचारत नाही. इथे तुमच्या मालाचा 'दोष' हाच विक्रीचा मुद्दा आहे. बाजारात झाकणं भारानुसार विकली जातात: एलडी २.५, एमडी १०, एचडी २० आणि ईएचडी ३५. आकडे टनाचे आहेत. तुम्ही बागेतल्या, सोसायटीच्या आतल्या, जिथे फक्त माणसं चालतात तिथल्या हलक्या झाकणांपुरतं बघा. रस्त्यावरच्या झाकणाच्या वाटेला जाऊ नका.

दुसरं, शेळ्यांच्या उंच गोठ्यातल्या जमिनीच्या पट्ट्या. लाकूड मुतामुळे कुजतं, लोखंड गंजतं आणि नव्या प्लास्टिकच्या जाळ्या महाग पडतात. तिसरं, जमिनीत पुरलेल्या केबलवर ठेवायच्या संरक्षक पट्ट्या. तिथे ऊन नाही, आग नाही, आणि खोदणाऱ्याला इशारा मिळाला की काम झालं. चौथं, बॅरिकेड आणि फलकांचे जड पाय. तिथे गिऱ्हाईक वजनालाच पैसे देतं.

आमच्या एका बॅचमध्ये चंद्रपूरकडचा एक मुलगा होता. हातात २८ लाखांचं कोटेशन, आणि वडील तीन एकर तारण ठेवायला तयार. पेव्हरचा वरचा हिशोब त्याने वर्गात स्वतः मांडला आणि गप्प बसला. नंतर त्याने मशीन घेतलंच नाही. एका चालू कारखान्यात जॉबवर्कने दाणा करून घेतला, दुसरीकडे पट्ट्या ओतून घेतल्या आणि ओळखीच्या तीन शेळीपालकांना दिल्या. पहिल्या उन्हाळ्यात पट्ट्या मधोमध वाकल्या. मग खाली दोन उभ्या धारा दिल्या आणि आधारातलं अंतर कमी केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात वाकल्या नाहीत. आज त्याचा व्यवसाय छोटाच आहे, पण जमीन वडिलांच्या नावावर आहे आणि माल परत येत नाही. हेच वाकणं २८ लाखांच्या मशीनवर, हप्ता सुरू असताना घडलं असतं तर?

पावडर घेताना काय बघायचं

महाराष्ट्रात राखेला तोटा नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, नाशिक, परळी ही औष्णिक केंद्रं आहेत आणि आपल्या देशी कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार सगळी राख वापरात आणण्याची जबाबदारी या केंद्रांवर आहे. पण चांगली कोरडी राख सिमेंट कंपन्याही नेतात. तुम्हाला सहज मिळते ती बऱ्याचदा तळ्यातली ओली राख. ओली पावडर गरम प्लास्टिकमध्ये गेली की वाफ होते आणि मालात फुगे येतात. सुकवायचा खर्च धरा. ट्रकभाडं तर धराच. दीडशे किलोमीटरवरून आणलेली फुकट राख फुकट राहत नाही.

कोल्हापूरकडे असाल तर फाउंड्रीची जळकी वाळू मिळेल. क्रशरची डस्ट तर प्रत्येक तालुक्यात आहे. पण वाळू आणि काळ्या दगडाची डस्ट कठीण असते, ती मशीनचा स्क्रू आणि बॅरल खाते. संगमरवराची किंवा चुनखडीची पावडर त्या मानाने मऊ आणि मशीनला सोपी. राखेचे कण गोल असल्यामुळे ते नीट वाहतात, पण कडक असतातच. स्क्रू बदलण्याचा खर्च कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. तो तुम्ही विचारा.

कुठल्याही कारखान्याचा कचरा उचलण्याआधी त्यात काय आहे ते लेखी घ्या. केमिकल कारखान्याचा गाळ, नाव माहीत नसलेली राख किंवा घातक कचऱ्यात मोडणारं काहीही फुकट दिलं तरी नको. आणि ही सगळी भुकटी श्वासातून आत जाते. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कामगाराला चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा, उरले तर बघू असं नको.

प्लास्टिक घेताना काय बघायचं

सगळं प्लास्टिक एक नाही. पिशवीचं पातळ प्लास्टिक ११० अंशांच्या आसपास वितळतं, पीपी १६० च्या पुढे, पाण्याची बाटली २५० च्या पुढे. एकत्र टाकलं की काही जळतं आणि काही वितळतच नाही. पीव्हीसी मात्र बाजूलाच काढा. ते तापल्यावर आम्लाचा विषारी वायू सोडतं, त्याने माणूस आणि मशीन दोन्हीचं नुकसान होतं.

ओळखायच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. साध्या पाण्याच्या टाकीत पिशव्या, डबे, पीपी तरंगतं. पीव्हीसी आणि बाटली बुडते. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. ही चाचणी उघड्यावर करा, वास घेऊ नका.

माझं मत विचाराल तर गावाकडच्या उद्योजकाने शहराच्या मिश्र कचऱ्यामागे न लागता ठिबकच्या जुन्या नळ्यांकडे बघावं. जळगाव, नाशिक, सांगली या पट्ट्यात त्या ढिगाने निघतात. एकाच जातीचं प्लास्टिक, आणि काळा रंग कार्बनचा असल्यामुळे उन्हात टिकायलाही मदत होते. माती आणि क्षार धुवावे लागतात, पण रोज तसाच माल मिळतो. धंद्यात रोज सारखा माल मिळणं हे फुकट मिळण्यापेक्षा मोठं आहे.

सरकारी ऑर्डर मिळेल का?

इथे मदुराईचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी गरम खडीवर टाकाऊ प्लास्टिकचा थर चढवून डांबरी रस्ता करण्याची पद्धत शोधली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण सरकारी इंजिनिअरच्या हाताला बळ मिळालं ते २०१३ साली इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी आयआरसी एसपी ९८ ही मार्गदर्शिका काढल्यावर. तिथे प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के असतं, आणि ते डांबराची जागा घेतं. म्हणजे स्वस्त वस्तूने महाग वस्तूची जागा घेतली. आपला मुद्दा तोच आहे.

सिमेंटच्या पेव्हरसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे, पण ते काँक्रीटचं आहे. टेंडरमध्ये ते लिहिलेलं असेल तर तुमचा प्लास्टिकचा ब्लॉक कितीही चांगला असो, इंजिनिअर सही करणार नाही. त्याचीही नोकरी आहे. म्हणून पहिली दोन वर्षं सरकारी ऑर्डर शून्य धरून हिशोब करा. आली तर बोनस.

बाकी कागदपत्रं लागतातच: उद्यम नोंदणी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, प्लास्टिक प्रक्रियेची नोंदणी. पीएमईजीपीमध्ये उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि अनुदान १५ ते ३५ टक्के आहे. पण उरलेलं कर्ज तुमचंच असतं. "सबसिडी आहे म्हणून मशीन" हा क्रम उलटा आहे.

मशीनवाल्याला विचारायचे तीन प्रश्न

"माल आम्हीच परत घेऊ" असं सांगणारे भेटतील. भांडू नका, तीनच गोष्टी विचारा. एक, तुमचं मशीन दोन वर्षं चालवणाऱ्या तीन जणांचे नंबर द्या, मी स्वतः जाऊन बघतो. दोन, माझी राख आणि माझं प्लास्टिक घेऊन येतो, माझ्यासमोर १०० किलो काढून दाखवा. तीन, परत खरेदीचा करार रेट, किलो, मुदत आणि पैसे किती दिवसांत मिळणार यासकट स्टॅम्प पेपरवर द्या. तिन्हीला हो आलं तर बोलणी पुढे न्या. टाळाटाळ झाली तर गाडी पकडून घरी या.

कोणी म्हणेल, सर तुम्ही मुलांना घाबरवता, कचऱ्याचा प्रश्न सुटायला नको का? सुटायला हवा. पण तोट्यातला कारखाना सहा महिन्यांत बंद पडतो आणि त्याच्या आवारात साठवलेली राख आणि प्लास्टिक गावाच्या वाट्याला येतं. कचऱ्याचं भलं करायचं असेल तर आधी तुमचा कारखाना दहा वर्षं चालला पाहिजे.

या आठवड्याचा अभ्यास. आपल्या तालुक्यात बिडाची, लाकडाची किंवा नव्या प्लास्टिकची अशी पाच उत्पादनं शोधा, जी तीन चाळण्यांतून जातात. प्रत्येकाचा दुकानातला रेट आणि नगाचं वजन लिहा. मग वरच्या पद्धतीने नगावर हिशोब करा. वीज आणि मजुरी धरूनही नगामागे पंचवीस-तीस टक्के उरत असतील, तर जॉबवर्कने पन्नास नग करून घ्या आणि सिपेटसारख्या ठिकाणी तपासून घ्या. छत्रपती संभाजीनगर आणि चंद्रपूर, दोन्हीकडे त्यांची केंद्रं आहेत. ते नग एक उन्हाळा आणि एक पावसाळा गिऱ्हाइकाच्या दारात राहू द्या.

हिशोब केलात की आकड्यांसकट कमेंटमध्ये टाका. नुसतं "सर, चांगली माहिती" नको, आकडे टाका. चुकले असतील तर मिळून दुरुस्त करू, आणि बरोबर असतील तर पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.